दादाच्या वतीने

मंगळवार, ९ सप्टेंबर

तरुण संघाच्या अधिवेशनात यंदा क्षमेवर साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, मैनाची निवड झाली आहे. आईने ही बातमी अशा तोंडाने सांगितली, जणू आमच्याच घरात कुणाचं लग्न ठरलंय. मी दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून नुकतीच आले होते, हाताला अजून लवंगेच्या औषधाचा वास होता. मी विचारलं, ती कशाची साक्ष देणार? आई म्हणाली, "आपल्याच घराची गं," आणि डोळे पुसले.

तेव्हा हे एकदा नीट लिहून ठेवते, कारण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळेजण ते गोड करून विसरायच्या बेतात आहेत.

मैना म्हणजे कारखानदार काकांची मुलगी. लहानपणी चर्चमध्ये एकटीने गायली तेव्हापासून तिला सगळे मैनाच म्हणतात. काकांचा लाकडी सामानाचा कारखाना. तिथे बाबा टेम्पो चालवतात आणि दादा सुतार होता. मैना शिकून परत आली आणि काकांनी तिला कारखान्याची व्यवस्था बघायला बसवलं. जानेवारीत शाळेच्या बाकांची मोठी ऑर्डर होती. गोल करवतीच्या पात्यावर एक झाकण असतं. त्याने हात वाचतो, पण काम सावकाश होतं. मैनाने ते काढायला लावलं. दादा म्हणाला, हे बरं नाही. ती म्हणाली, ऑर्डर जाईपर्यंतच. ऑर्डर गेली, आणि दादाच्या उजव्या हाताची तीन बोटंही गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

पुढच्या रविवारी दादा अजून इस्पितळातच होता, आणि इकडे उपासनेत पाळकांनी आईबाबांना पुढे बोलावलं. समोर काका आणि मैना. पाळकांनी विचारलं, तुम्ही यांना मनापासून क्षमा करता का? आई हो म्हणाली. बाबा हो म्हणाले. सगळं चर्च रडलं. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं. दादा घरी आला तोवर क्षमा उरकूनही गेली होती. नवरदेव पोचायच्या आत लग्न लागावं तसं.

आम्ही मेनोनाइट, ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. पाचशे वर्षं झाली, आमच्यात हाणामारीला बंदी आहे. त्यामुळे आमची भांडणं मनातल्या मनात होतात आणि फार टिकतात.

अधिवेशनाला मी जाणार नव्हते. आता जाणार.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दादाला सांगितलं. तो मागच्या ओसरीत डाव्या हाताने रंधा मारायचा सराव करत होता. अपघातानंतर काकांनी त्याला कारखान्याच्या फाटकाशी खुर्ची दिली होती, आल्यागेल्या गाड्या बघायला. महिनाभर बसला आणि मग घरी आला. लोकांना या-बसा म्हणायला मी सुतारकाम शिकलो नाही, एवढंच बोलला. तेव्हापासून ओसरीत असतो. फळी एका बाजूने खाली घसरते, तो पोटाने दाबून धरतो. रंधा वाकडा जातो. फळी फेकून देतो, दुसरी घेतो. 

मैना साक्ष देणार म्हटल्यावर त्याचा रंधा जरा थांबला. मग म्हणाला, "बरं."

मी विचारलं, मी जाऊ का? म्हणाला, "जा की टाचणे. जेवण चांगलं असतं तिथे."

मला तो टाचणी म्हणतो. त्याची मूक परवानगी मला कळली. दादा पहिल्यापासून कमी बोलतो. त्याच्या वतीने कोणीतरी बोलायलाच हवं.

रविवार, १४ सप्टेंबर

उपासनेनंतर अधिवेशनाच्या गाण्यांची तालीम झाली. आमच्यात पेटी नाही, तबला नाही, काहीच नाही, नुसते चार आवाज. मैना वरच्या आवाजात आणि मी तिच्या खालच्या. लहानपणापासून आम्ही शेजारी उभ्या राहत आलो आहोत. तिचा स्वर कुठे जाणार हे मला तिच्या श्वासावरून कळतं. आज त्याचा उपयोग केला. दुसऱ्या कडव्यात मी माझा स्वर अगदी किंचित खाली सोडला. तिला वाटलं तीच चढली. ती उतरली, मग मी चढवला. दोनदा असं झाल्यावर गाणं बसवणारे मास्तर तिला म्हणाले, "मैना, लक्ष कुठे आहे?" तिचे कान लाल झाले.

घरी येईपर्यंत मजा वाटत होती. पण मग ते कडवं डोक्यात तसंच वाकडं वाजत राहिलं. गाणं चांगलं आहे. त्याचा काही दोष नव्हता. 

पाळकांनी जाताना थांबवून विचारलं, बाप्तिस्म्याचं काय ठरवलंस? या वर्षी माझी पाळी होती. आमच्यात लहान मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. मोठं झाल्यावर ज्याने त्याने समजून-उमजून घ्यायचा. जानेवारीत मी त्याच्या वर्गाला जायचं सोडलं. पाळकांना म्हटलं, विचार चालू आहे. खरं म्हणजे काहीच चालू नाही. प्रभू, मी तुझ्यावर रागावलेली नाही. तू फक्त मधे पडू नकोस.

बुधवार, १७ सप्टेंबर

दवाखान्यात दिवसभर दाढा. एका खुर्चीत मैना बसली आहे आणि डॉक्टर भुलीचं इंजेक्शन विसरले आहेत, अशी कल्पना करत काम केलं. दिवस भुर्रकन गेला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

पोचलो. सुट्टीमुळे रिकामी असलेली एक मोठी निवासी शाळा आहे. वर्गांच्या भिंतींवर मुलांनी काढलेली हृदयाची आणि फुप्फुसाची चित्रं. मुलींची झोपायची सोय वरच्या मजल्यावर, लोखंडी दुमजली पलंग. सगळीकडून तरुण पोरं आलीत, चारशेच्या वर असतील. दाराशी प्रत्येकाच्या छातीवर नावाचा बिल्ला लावतात आणि चेहऱ्यावर हसू लावायला सांगतात.

माझ्या खालच्या पलंगावर एक नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या मंडळीची. मी तिला नर्सबाई म्हणते. पाच मिनिटांत तिने माझी नाडी, माझं गाव आणि माझं घराणं तपासलं. मैनाचा पलंग खिडकीशी आहे. तिने मला बघून हात अर्धा वर केला. मी उशीला अभ्रा घालत राहिले.

दुपारी छोट्या गटांत बसवलं. प्रमुख ताईंनी विचारलं, या वर्षी तुम्हाला देव कुठे भेटला? कोणाला परीक्षेत भेटला होता, कोणाला आजारपणात. मी म्हटलं, मला वाटतं तो सुट्टीवर होता. दोघेतिघे हसले. ताई हसल्या नाहीत. मग नर्सबाई बोलली. म्हणाली, मी रोज वॉर्डात ज्यांच्यासाठी प्रार्थना करते त्यातले पुष्कळजण मरतात. तरी करते, कारण नाही केली तर मी त्यांच्याकडे नीट बघत नाही, नुसती सलाईनची बाटली बघते.  मला तिचा जरा राग आला. माझं वाक्य चांगलं होतं आणि तिने ते फुकट घालवलं. 

मग मोठ्या सभागृहात सगळे मिळून गायलो. चारशे माणसं, चार आवाज. पहिला स्वर मैनाने दिला. खालचे आवाज जेव्हा आले तेव्हा लाकडी फरशी पायाखाली थरथरली, आणि मला रडू फुटलं. मी हे कोणालाही सांगणार नाही. रडताना मी प्रभूला म्हटलं, हे बघ, तू आहेस तर आहेस, पण मी जे करायला आलेय ते करणारच. उत्तर आलं नाही. मी त्याला होकार धरला आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी भांडी घासायची पाळी माझ्या गटाची. नर्सबाई साबण लावायची, मी विसळायची. तिला मी सगळं सांगितलं. दादा, झाकण, बोटं, चर्चमधलं रडणं. ती पातेलं घासायची थांबली आणि म्हणाली, बाप रे. मला फार बरं वाटलं. गेल्या नऊ महिन्यांत बाप रे म्हणणारी ही पहिलीच. बाकी सगळे म्हणतात, देवाची इच्छा.

मी सांगितलं की उद्या मैना साक्ष देईल तेव्हा मी उठून बोलणार आहे.  तिने तेच पातेलं परत घासलं.

दुपारी पाय धुण्याचा विधी. वर्षातून एकदा आम्ही करतो, प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून. मुलं एका खोलीत, मुली दुसऱ्या. खुर्च्या, पत्र्याच्या पराती, कोमट पाणी, टॉवेल. जोडी आपण निवडायची. मी नर्सबाईला शोधत होते, तेवढ्यात मैना परात घेऊन माझ्यासमोर आली आणि खाली गुडघ्यांवर बसली. सगळ्या बघत होत्या. आमच्या मंडळीच्या मुलींनी तर माना वळवून बघितलं. काय सुंदर दृश्य. 

तिने माझे पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतून पाणी घातलं, टाचा पुसल्या.  मी वरून तिचा भांग बघत होते. तिने एकदाही वर बघितलं नाही. मग उठली, परात बाजूला सरकवली आणि रिवाजाप्रमाणे खुर्चीत बसली. आता माझी पाळी. तिने चपला काढल्या. 

मी टॉवेल घेतला, नीट घडी करून तिच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि अनवाणी बाहेर चालू लागले.

मैदानापर्यंत गेले. तिथे बास्केटबॉलच्या खांबाखाली बसले.  जिंकल्यासारखं वाटत होतं. पाय मात्र स्वच्छ होते आणि आता धुळीत भरले, त्याचं उगाच वाईट वाटलं. नर्सबाई माझ्या चपला घेऊन आली. म्हणाली, ती अजून तशीच बसली आहे, कोणाला धुवू देत नाहीये. मी म्हटलं, बसू दे.

रविवार, २८ सप्टेंबर

झालं. बसमधून परत येताना लिहितेय. अक्षर हलतंय ते बसमुळे.

सभागृह भरलेलं होतं. आज काहींच्या घरची मोठी माणसंही आली होती, कारखानदार काका दुसऱ्या रांगेत. मैना मंचावर आली. तिने सुरुवात चांगली केली. या वर्षाच्या सुरुवातीला एक दुर्दैवी प्रसंग घडला म्हणाली. माझ्या निर्णयामुळे एका भावाचं नुकसान झालं म्हणाली. दुर्दैवी प्रसंग. एक भाऊ. नुकसान. तिच्या तोंडून बोटं हा शब्द येईल म्हणून मी वाट बघितली. आला नाही. मग म्हणाली, "त्या कुटुंबाने मला क्षमा केली, आणि त्या क्षमेतून मला देव कळला."

मी उठले. माझा आवाज कापेल असं वाटलं होतं, पण तो दवाखान्यात पुढच्या पेशंटला हाक मारते तसाच निघाला.

मी म्हटलं, "कुटुंबाने नाही. आईबाबांनी केली. दादाची तीन बोटं गेली, तो तेव्हा इस्पितळात होता. त्याला कोणी विचारलंच नाही. तू विचारलंस का मैना? नऊ महिन्यांत एकदा तरी?"

चारशे डोकी माझ्याकडे वळली आणि मग परत तिच्याकडे. काका अर्धे उठले. मैनाने त्यांना हातानेच बसायला सांगितलं. मग म्हणाली, "नाही. नाही विचारलं."

एवढंच. मी तयारी करून आले होते. ती सबबी सांगेल, रडेल, काका ओरडतील, या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं होती. 'नाही'ला काही उत्तर नव्हतं. ती मंचाच्या पायरीवर बसून राहिली. प्रमुखांनी घाईघाईने गाणं जाहीर केलं. पण स्वर देणारी तीच होती. चारशे तोंडं उघडी आणि स्वर नाही. मला देता आला असता. मी दिला नाही.

बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. निघताना नर्सबाई भेटली तेवढीच. मिठी मारली, आणि मग म्हणाली, "तू दादाला विचारलं होतंस?"

मी म्हटलं, काय?

"हेच. मी बोलू का म्हणून."

तिला आपली सगळीकडे दुखतंय का विचारायची सवय लागली आहे. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. ती म्हणाली, हो, म्हणूनच. मग बस सुटली.

सोमवार, २९ सप्टेंबर

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. आई माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. बाबा आज टेम्पो घेऊन गेले आणि आले, काकांनी त्यांना एक शब्द ऐकवला नाही. बाबा म्हणतात, ओरडले असते तर बरं झालं असतं.

मला त्याचं काही नाही. मी दादाची वाट बघत होते. काल तो लवकर झोपला. आज संध्याकाळी ओसरीत गेले. वाटलं होतं, निदान पाठीवर एक थाप देईल. त्याने सदरा घातला होता, वरची दोन बटणं उघडी. ती त्याला लावता येत नाहीत, आणि लावू का विचारलेलं चालत नाही.

त्याने फळीवरचा भुसा हाताने बाजूला केला. मग म्हणाला, "माझी बोटं सगळ्यांनी वाटून घेतली. आईबाबांनी चर्चमध्ये, मैनाने स्टेजवर. उरली होती ती तू घेतलीस."

मी म्हटलं, मी तुझ्या बाजूने बोलले.

"माझ्या बाजूला मी आहे ना," म्हणाला. "तिथे आधी बघायचं."

खोलीत येऊन रडले. त्याचा राग मैनावर आहे, निघाला माझ्यावर. मी समजून घेते. पण बरोबर बोलले होते मी. एक शब्दही खोटा नव्हता.

गुरुवार, २ ऑक्टोबर

कोणी बोलत नाही. दवाखान्यात एकाची अक्कलदाढ निघता निघेना. डॉक्टर घामाघूम झाले. शेवटी तुकडे करून काढली. 

शनिवार, ४ ऑक्टोबर

मैना आली. एकटी, चालत. मी दार उघडलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, आहे का? मी काही म्हणायच्या आत ती मागे ओसरीत गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. लपून नाही, उघड. आई माझ्या मागे उभी राहिली.

मैनाने खुर्ची घेतली नाही. उभ्याने बोलली. म्हणाली, मी झाकण काढायला लावलं. तू नको म्हणालास. तुझी बोटं गेली ती माझ्यामुळे. मला हे सगळीकडे बोलता आलं, फक्त तुझ्यासमोर नाही. मग विचारलं, "मला क्षमा करशील?"

दादाने तिच्याकडे नीट बघितलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच बघत असेल.

"नाही," म्हणाला.

आईने माझा दंड धरला. मला तर उडी मारावीशी वाटली.

मैना हलली नाही. म्हणाली, "परत विचारायला येऊ?"

"ये. उत्तर हेच असेल."

"चालेल," म्हणाली आणि गेली. फाटकाशी जाऊन बराच वेळ कडी लावत होती, तिला ती दिसत नसावी.

अखेर न्याय झाला. मी आईला तसं म्हटलं. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या घरातली आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आईनेच पाळकांना बोलावलं असणार. ते ओसरीत स्टुलावर बसले आणि अतिशय प्रेमाने बोलले. क्षमा न करणारा स्वतःलाच बांधून घेतो, वगैरे. दादाने सगळं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं. मग म्हणाला, "पाळकसाहेब, मला अजून राग यायचाच होता. वेळच मिळाला नाही. मी शुद्धीवर आलो तोवर सगळं मिटलं होतं. आता येतोय, तर येऊ द्या थोडा."

पाळकांनी प्रार्थना करायला डोळे मिटले, पण पुष्कळ वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी नुसतं आमेन म्हणाले. जाताना त्यांनी मला बाप्तिस्म्याचं विचारलं नाही. 

शनिवार, ११ ऑक्टोबर

आली. विचारलं. "नाही." ती निघाली तर दादा म्हणाला, "आलीच आहेस तर ही फळी धर." फळीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या पोटाशी. तासभर ती तशी वाकून उभी होती. तिची पाठ भरून आली असणार. दादाने तिला बरोबर कामाला लावलं. फळी सरळ निघाली, पण तो मुद्दा नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज दादा ओरडला. मी त्याचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता, शेजारच्यांनी खिडकी उघडली. तिने क्षमेचं विचारलं आणि त्याचा बांध फुटला. सदऱ्याची बटणं, बुटाची नाडी, न्हाव्याने कसं बघितलं, स्वप्नात बोटं कशी परत असतात आणि सकाळी नसतात. फाटकाजवळच्या त्या खुर्चीबद्दल फार बोलला. म्हणाला, मला बक्षीस दिल्यासारखी ती खुर्ची दिलीत तुम्ही, आणि तुझ्या वडिलांना वाटलं मी आभार मानावेत. म्हणाला, त्या दिवशी मी ओरडलो तेव्हा तू आधी करवत बंद केलीस की आधी माझ्याकडे धावलीस, हेसुद्धा मला आठवत नाही, आणि विचारायला कोणी नव्हतं.

मैना म्हणाली, "आधी करवत. मग तुझा हात माझ्या ओढणीत गुंडाळला. इस्पितळापर्यंत मी तो वर धरून ठेवला होता."

हे मला माहीत नव्हतं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

दादा खाली बसला. तीही बसली, जमिनीवर, भुशात.  मग तो म्हणाला, "नाही म्हणजे नाहीच." ती म्हणाली, "हो, कळलं." आणि दोघांनी फळी उचलली.

चांगलं फाडलं तिला. मनासारखं झालं. पण मला जेवण गेलं नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

बाबांनी सांगितलं, कारखान्यात सगळ्या करवतींवर नवी झाकणं बसली आणि ती निघूच नयेत अशी जोडली आहेत. काका कुरकुरले, काम सावकाश होतंय म्हणून. मैना म्हणाली, होऊ दे. बाबा हे सांगताना सारखे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आधी का नाही बसवली? बाबा म्हणाले, बरोबर आहे तुझं. आणि वर्तमानपत्र वाचायला लागले. बाबा वाद घालत नाहीत त्याचाच त्रास होतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मधले शनिवार लिहिले नाहीत, कारण तेच ते. ती येते, विचारते, तो नाही म्हणतो, मग लाकूड. एक छोटं कपाट तयार झालंय. दारं जरा तिरपी आहेत. दादा म्हणतो, उजव्या हाताने केली असती तर सरळ आली असती, पण मग डाव्या हाताला कळलंच नसतं. असलं काहीतरी बोलतो हल्ली. बोलतो, हेच मोठं.

आज तिची वेळ झाली आणि ती आली नाही. मी म्हटलं, "संपला उत्साह. मला माहीत होतं."  दादाने रंधा ठेवला, फाटकापर्यंत गेला, परत आला. भुसा झाडला. परत गेला. मीही दोनदा खिडकीतून रस्ता बघितला, तो मात्र केवळ ती खोटी ठरली याची खात्री करायला. आई म्हणाली, तब्येत बिब्येत बिघडली असेल. मी म्हटलं, बिघडू दे. आणि परत रस्ता बघितला.

उशिरा आली. धापा टाकत, केस विस्कटलेले, बाहेरगावाहून येताना बस मधेच बंद पडली म्हणून उरलेली वाट पायी आलेली. ओसरीच्या पायरीवर पाय ठेवून तिने तोंड उघडलं, आणि ती विचारायच्या आतच दादा म्हणाला, "नाही."

ती म्हणाली, "श्वास तरी घेऊ दे."

आणि दादा हसला. आधी नुसतं नाकातून, मग अगदी डोकं मागे टाकून. तीही हसली. दोघं हसत सुटली, बांधलेलं काहीतरी सुटल्यासारखी. आई हातातलं काम टाकून ओसरीच्या दारात येऊन उभी राहिली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली.

मला संताप आला. अशा गोष्टींवर हसतात का? तो नाही म्हणाला होता, स्पष्ट नाही म्हणाला होता, मग हसायचं काय त्यात? मी आत गेले आणि चहा टाकला. दोन कप ठेवले, दादाचा आणि आईचा. मग तिसरा ठेवला, कारण आई नंतर बोलली असती. चौथा माझा.

तिच्या कपात साखर घातली नाही. मुद्दाम. तिला दोन चमचे लागतात, लहानपणापासून. कप तिच्या हातात देताना मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने घोट घेतला, थांबली, माझ्याकडे बघितलं. मग सगळा प्यायली आणि कप स्वतःच विसळून ठेवला.

पुढच्या शनिवारीही घालणार नाही.